पत्ता उलटताना तोंड उघडायला हवं

टेबलावर बारा पत्ते पालथे मांडलेले आहेत. सहा जोड्या. जोडीतल्या दोन्ही पत्त्यांवर चित्र एकच, पण एका चित्राखाली स्पॅनिश नाव आहे आणि दुसऱ्याखाली इंग्रजी. चार वर्षांची मुलगी एक पत्ता उलटते. फुलपाखरू. खाली 'मारिपोसा' असं छापलंय, पण तिला अजून वाचता येत नाही. ती किंचित थांबते, डोळे डाव्या कोपऱ्याकडे वळतात, हात तिकडे जातो आणि दुसरं फुलपाखरू सापडतं. त्याखाली 'बटरफ्लाय'. जोडी जमली, पत्ते तिच्याकडे, पुढची खेळीही तिचीच. आणि या सगळ्यात 'मारिपोसा' हा शब्द तिच्या कानावर पडलेला नाही की तोंडून निघालेला नाही.

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तिथल्या बालवाड्यांत आणि घराघरांत असे दुभाषी 'मेमरी' पत्ते सर्रास दिसतात. खेळ छानच आहे. नियम मिनिटभरात कळतात, तीन वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांची आजी एका पातळीवर खेळू शकतात. अडचण एकच: हा खेळ मुक्यानेही जिंकता येतो. ज्या भाषेसाठी तो विकत आणला, तिचा एक शब्दही न वापरता.

असं का होतं याचं उत्तर १९७४ साली अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रतिमानात सापडतं. काही सेकंद माहिती धरून ठेवणारी आपली कार्यकारी स्मृती एकसंध नसते, असं त्यांचं म्हणणं. तिचा एक भाग दृश्यं आणि जागा सांभाळतो: कोणतं चित्र कुठे होतं, वरच्या ओळीत की खालच्या. दुसरा भाग ध्वनी सांभाळतो. ऐकलेला शब्द तो मनातल्या मनात घोळवत ठेवतो, म्हणून फोन नंबर कागदावर उतरवेपर्यंत टिकतो. पालथ्या पत्त्यांचा खेळ जवळजवळ सगळा भार पहिल्या भागावर टाकतो. नवा शब्द मात्र दुसऱ्या भागातून आत शिरतो. बॅडली आणि सुझन गॅदरकोल यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस चार-पाच वर्षांच्या मुलांना अर्थहीन शब्द ऐकवून जसेच्या तसे म्हणायला लावले. ज्यांना ते नीट म्हणता येत, त्यांचा शब्दसंग्रहही मोठा असे. म्हणजे नवा शब्द शिकायचा तर त्याचा आवाज कानाने धरावा लागतो आणि जिभेवर घोळवावा लागतो. नुसतं चित्र ओळखून भागत नाही.

दृश्यस्मृतीची मर्यादाही तोकडी असते. नेल्सन कोवन यांच्या हिशोबाप्रमाणे प्रौढ माणूस एका वेळी साधारण चार गोष्टी मनात धरू शकतो, लहान मूल त्याहून कमी. म्हणून बालवाडीतल्या मुलासमोर वीस-वीस जोड्यांचा अख्खा संच ओतण्यात अर्थ नाही. चार जोड्या पुरतात, रुळल्यावर सहा. जागा लक्षात ठेवण्यातच मुलाची सगळी शक्ती खर्ची पडली, तर शब्दासाठी काही उरत नाही.

लहान मुलं शब्द टिपकागदासारखे शोषून घेतात असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. जेसिका हॉर्स्ट आणि लॅरिसा सॅम्युएलसन यांनी २००८ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी वस्तूंची बनावट नावं सांगितली. ओळखीच्या वस्तूंमध्ये ठेवलेली ती नवी वस्तू मुलं लगेच उचलून देत. पण पाच मिनिटांनी विचारलं, तर बहुतेकांना नाव आठवत नव्हतं. शब्द टिकला तो वेगळ्या पद्धतीने: संशोधिकेने ती वस्तू हातात घेऊन, मुलाच्या नजरेसमोर धरून तिचं नाव पुन्हा उच्चारलं तेव्हा. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण पत्ता उलटण्याच्या क्षणी नेमकं हेच करता येतं. चित्र उघडं पडलंय, मुलाचं लक्ष पूर्ण त्यावर आहे, उत्सुकता ताणलेली आहे. त्या दोन सेकंदांत कुणी 'मारिपोसा' म्हटलं की शब्दाला धरायला जागा मिळते.

आणि कुणी म्हणण्यापेक्षा मुलाने स्वतः आठवून म्हटलं, तर आणखी चांगलं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. एकदा बरोबर आठवलेला शब्द काहींनी पुन्हा पुन्हा आठवून सांगितला, तर काहींनी तो पुन्हा पुन्हा नुसता वाचला. आठवड्याने परीक्षा झाली. आठवून सांगणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ८० टक्के शब्द होते, नुसतं वाचणाऱ्यांच्या लक्षात जेमतेम तिसरा हिस्सा. वाचन म्हणजे उजळणी असं आपण शाळेपासून धरून चाललो, पण स्मृतीला बळकटी येते ती आठवण्याच्या खटपटीतून. म्हणून एकच नियम वाढवावा: पत्ता उलटला की नाव मोठ्याने म्हणायचं, दोन्ही पत्त्यांची नावं दोन्ही भाषांत म्हटल्याशिवाय जोडी आपली नाही. आठवलं नाही तर शेजारच्याने सांगायचं आणि मुलाने ते पुन्हा म्हणायचं. शिक्षा नाही, गुण कापणं नाही.

मेक्सिकोच्या लोकांना हे कुणी शिकवायला नको. त्यांचा लोतेरिया हा खेळ अठराव्या शतकात स्पेनमधून तिकडे गेला. क्लेमेंते जाक यांनी १८८७ साली छापलेल्या ५४ चित्रांचा संच आजही जत्रांत आणि घरांत चालतो: एल गायो म्हणजे कोंबडा, ला लूना म्हणजे चंद्र, एल पाराग्वास म्हणजे छत्री. आपल्याकडच्या हाउजीत जसा आकडा पुकारताना त्याला एखादं टोपणनाव जोडतात, तसं तिथे चित्राचं नाव कोड्यातून, यमकातून पुकारलं जातं आणि खेळणारे आपल्या तक्त्यावर चित्र शोधून दाणा ठेवतात. इथे चित्राआधी आवाज येतो. कान दिल्याशिवाय खेळताच येत नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं पोरही दोन-चार डावांत नावं घडाघडा म्हणू लागतं. पालथ्या पत्त्यांच्या खेळाने लोतेरियाकडून एवढं उसनं घ्यायला हरकत नाही.

आता पालकांच्या मनातली भीती. दोन भाषा एकदम शिकवल्या तर मूल गोंधळेल, बोलायला उशीर करेल, धड ना ही धड ना ती. ही भीती जुनी आहे आणि तिला एके काळी शास्त्राचा आधारही होता. वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी १९२३ साली ग्रामीण दुभाषी मुलं बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडतात असं मांडलं. अशा अनेक अभ्यासांत गरिबी, शाळेचा दर्जा, चाचणीची भाषा यांचा हिशोबच नीट धरलेला नसे. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ साली माँट्रियलमध्ये सारख्या आर्थिक स्तरातली मुलं घेऊन तुलना केली, तेव्हा चित्र उलटं निघालं.

शब्दसंग्रहाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. बार्बरा पीअर्सन आणि सहकाऱ्यांनी मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी घरांतली तान्ही आणि रांगती मुलं अभ्यासली. फक्त इंग्रजी शब्द मोजले, तर मूल मागे वाटतं. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले, तर ते एकभाषी मुलाच्या बरोबरीने उभं असतं. आणि या मुलांच्या सुरुवातीच्या शब्दांपैकी सरासरी तीसएक टक्केच शब्दांना दोन्ही भाषांत जोड असते. बाकीचे विखुरलेले: स्वयंपाकघरातले आजीच्या भाषेत, खेळाच्या मैदानावरचे शाळेच्या भाषेत. जोडीच्या खेळाची खरी जागा इथे आहे. ज्या शब्दाची एकच बाजू मुलाकडे आहे, त्याला दुसरी बाजू मिळवून देणं. म्हणून दुकानातला ठरीव संच आणण्यापेक्षा, मुलाला कोणते शब्द एकाच भाषेत येतात ते पाहून घरीच कार्डं बनवणं जास्त कामाचं. 'एलेफान्ते' आणि 'एलिफंट' मूल नाही तरी जुळवेल. 'मारिपोसा'सारख्या, इंग्रजीशी काही नातं न सांगणाऱ्या शब्दांवर वेळ घालवावा.

एका वस्तूला दोन नावं असू शकतात ही कल्पना या मुलांना जड जात नाही. एकभाषी मूल सहसा धरून चालतं की वस्तूचं नाव एकदा ठरलं की ठरलं. नवा शब्द ऐकला तर तो दुसऱ्याच वस्तूचा असणार. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वेर्कर यांनी २००९ साली दाखवलं की दीड वर्षाच्या दुभाषी बाळांत हा आग्रह सौम्य असतो आणि त्रिभाषी बाळांत जवळजवळ नसतोच. पत्ते हातात येण्याच्या कितीतरी आधी ती तयार झालेली असतात.

खोक्यांवर मात्र बरंच काही छापलेलं असतं: स्मरणशक्ती वाढवा, मेंदू तल्लख करा. इथे हात आखडता घ्यायला हवा. दोन भाषांमुळे लक्ष आवरण्याची क्षमता सुधारते, हे एलन बियालिस्टोक यांच्या कामातून पुढे आलेलं म्हणणं बराच काळ गाजलं. पण २०१९ साली अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. कार्यकारी स्मृतीच्या सरावाचंही तेच. सराव केलेल्या खेळात मूल तरबेज होतं, पण ती तरबेजी गणितात किंवा वाचनात उतरत नाही, असं मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स हुल्म यांनी २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. पालकांना बुद्धिवर्धनाची आशा विकणं मला अन्यायाचं वाटतं. भाषा मिळते, एवढं कारण पुरेसं आहे.

कारण भाषा खरोखरच निसटते. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतही तिसऱ्या पिढीपर्यंत नीट स्पॅनिश बोलणारे थोडेच उरतात, असं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात आढळलं. शाळांचं धोरणही हेलकावे खात राहिलं. मायामीच्या कोरल वे शाळेने १९६३ साली दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात केली, कॅलिफोर्नियाने १९९८ साली मतदानाने द्विभाषी शिक्षणावर कडक बंधनं घातली आणि २०१६ साली मतदानानेच ती उठवली. या अठरा वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली.

कार्ड बनवताना एक बारकावा पाळावा. स्पॅनिश नाम एकटं लिहू नये, लिंगदर्शक 'एल' किंवा 'ला' सकट लिहावं: ला पेलोता, चेंडू, एल सापातो, बूट. केसी ल्यू-विल्यम्स आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांनी २००७ साली स्पॅनिश शिकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांची नजर टिपली. समोरच्या दोन चित्रांची लिंगं वेगळी असली, की नुसता 'ला' ऐकून मुलं योग्य चित्राकडे लवकर वळत. मराठीतही 'मोठी' कानावर पडताच पुढे चेंडू येणार नाही, हे आपल्या पोरांना कळतं. अमेरिकेत रविवारी मराठी शाळा भरवणाऱ्यांनी जोडीची कार्डं करताना 'मोठी वही', 'लाल फूल' यांपैकी पहिल्यासारखे शब्द निवडावेत. 'लाल' काही सांगत नाही.

राहिला पडद्याचा प्रश्न. हा खेळ अ‍ॅपवरही मिळतो, तिथे पत्ता दाबला की शब्द ऐकू येतो. पण पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत मँडरिन ऐकवली, तेव्हा समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळं तिचे ध्वनी ओळखू लागली आणि तेच दूरदर्शन संचावर पाहणारी बाळं नाही. पुढे माद्रिदमध्ये नाजा फेर्हान रामिरेस आणि कूल यांनी पाळणाघरांतल्या मुलांशी रोज तासभर खेळत इंग्रजी बोलण्याचा प्रयोग अठरा आठवडे चालवला. मुलांचं इंग्रजी झपाट्याने वाढलं आणि त्यांची स्पॅनिशही वाढतच राहिली.

मात्र पडदा म्हणजे सगळं वाईट असं नव्हे. सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवली: प्रत्यक्ष, व्हिडिओ कॉलवर आणि ध्वनिचित्रफितीतून. कॉलवर मुलं प्रत्यक्षाइतकीच शिकली, फितीतून नाही. कॉलवरचा माणूस मुलाला प्रतिसाद देतो, फीत देत नाही. तेव्हा मेक्सिकोच्या ओआहाकातली किंवा कोल्हापुरातली आजीही हा खेळ खेळू शकते. कॅमेरा चेहऱ्याकडे न धरता पत्त्यांकडे वळवायचा, मुलाने उलटलेला पत्ता तिला दाखवायचा आणि नाव आठवेपर्यंत तिने थांबायचं.