परत फिरणारा चेंडू आणि पुढे धावणारी जीभ

खेळ कोणताही असो, त्यातील प्रत्येक फटक्याला दोन किमती असतात. एक गुणफलकावरची आणि दुसरी लोकांच्या तोंडची. या दोन किमतींमध्ये किती तफावत असू शकते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेत रूढ असलेल्या पूल या खेळाकडे पाहावे. ९ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशा टेबलाच्या एका टोकाकडून मारलेला पांढरा चेंडू दुसऱ्या टोकाजवळील रंगीत चेंडूवर आदळतो. रंगीत चेंडू पॉकेटमध्ये पडतो आणि पांढरा चेंडू कोणी अदृश्य दोरीने ओढावा तसा सारे टेबल ओलांडून खेळणाऱ्यापाशी परत येतो. या जोरकस फटक्याला ‘पॉवर ड्रॉ’ म्हणतात. पूल खेळणाऱ्यांच्या मैफलीत ज्या फटक्याविषयी सर्वांत अधिक बढाई मारली जाते, तो हाच. आपण चेंडू किती हळुवारपणे चार बोटे सरकवला, याची फुशारकी मात्र सहसा कोणी मारीत नाही.

या बढाईला आधार किती आणि त्या फटक्याचे खरे मोल किती, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. कौशल्याचा गौरव समाज कोणत्या निकषावर करतो, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

खडू, चामडे आणि घर्षण

प्रथम या फटक्याचे अंतरंग पाहिले पाहिजे. क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला चामड्याची टोपी बसविण्याची कल्पना फ्रान्समधील मिंगो नावाच्या सेनाधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रचारात आणली. त्यापूर्वी चेंडूच्या मध्यापासून थोडे दूर मारले की काठी निसटत असे. चामडे आणि त्यावर घासलेला खडू यांमुळे काठीची पकड टिकू लागली आणि चेंडूला हवी तशी गिरकी देणे शक्य झाले. गिरकीचे हे गणित पुढे कोरिओलिस या शास्त्रज्ञाला इतके मोहवून गेले, की १८३५ साली त्याने बिलियर्ड्सच्या गणिती सिद्धान्तावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

चेंडूच्या मध्याच्या खाली फटका बसला, की चेंडू पुढे घसरत जातो, पण स्वतःभोवती उलटा फिरत असतो. समोरच्या तेवढ्याच वजनाच्या चेंडूवर तो नेमका आदळला, की त्याची पुढची गती जवळजवळ सारी त्या चेंडूला मिळते. मागे उरते ती केवळ उलटी गिरकी. ती टेबलावरच्या कापडाला धरते आणि चेंडूला मागे ओढते. म्हणजे पांढरा चेंडू धक्क्याने उसळून परत येत नाही. जाताना जे गाठीशी बांधून नेले, त्याच्याच बळावर तो परततो.

परंतु वाटेत कापडाचे घर्षण ही शिदोरी सतत खात असते. लक्ष्य जवळ असेल, तर अगदी हलक्या हाताने मारूनही चेंडू मागे येतो. लक्ष्य दूर असेल, तर गिरकी संपण्यापूर्वी तेथे पोहोचण्यासाठी वेग लागतो. हा फटका जोरकस असावा लागतो तो एवढ्यासाठीच. त्यातही दंडातील बळापेक्षा काठीचे टोक नेमके खाली लागणे आणि हात सरळ रेषेत जाणे यांना महत्त्व अधिक. चेंडूच्या त्रिज्येच्या सुमारे निम्म्याहून अधिक खाली मारू गेल्यास काठी निसटते आणि बढाईखोराची शोभा होते.

पराक्रम की प्रायश्चित्त?

म्हणजे फटका अवघड आहे यात शंका नाही. तो ज्याला येत नाही, तो कसलेला खेळाडू म्हणवून घेऊ शकणार नाही, हेही खरे. पण अवघड गोष्ट आणि मोलाची गोष्ट या दोन नेहमी एकच असतात काय?

जोर वाढला की चूकही महाग होते. वेगाने आलेला चेंडू पॉकेटच्या ओठांवर आपटून बाहेर फेकला जातो. तोच मंद गतीने आला असता, तर अलगद आत घसरला असता. शिवाय घरंगळणारा चेंडू किती दूर जाईल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दहा टक्क्यांनी अधिक झाला, तर अंतर सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते. हातभर सरकणाऱ्या चेंडूत ही चूक बोट-दोन बोटांची ठरते, तर सारे टेबल ओलांडणाऱ्या चेंडूत ती डाव घालविण्यास पुरेशी होते. म्हणूनच जाणकार खेळाडू असा फटका पाहिला की टाळी देतो, पण मनाशी एक प्रश्नही विचारतो : हा मारण्याची पाळी मुळात का आली? बहुतेक वेळा उत्तर असे असते, की आधीच्या फटक्यात पांढरा चेंडू जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. लोक ज्याला पराक्रम म्हणतात, ते पुष्कळदा मागच्या चुकीचे प्रायश्चित्त असते.

दोन खेळाडू

याचा दाखला विली मॉस्कोनी आणि रुडॉल्फ वॉन्डरोन या दोन अमेरिकी खेळाडूंच्या कथेत मिळतो. मॉस्कोनी फिलाडेल्फियाचा. त्याच्या वडिलांचे पूलगृह होते, परंतु मुलाने या नादाला लागू नये म्हणून त्यांनी चेंडू कुलपात ठेवले. तेव्हा पोराने झाडूचा दांडा घेऊन बटाट्यांवर सराव केला, असे सांगतात. १९४१ ते १९५७ या काळात याच मॉस्कोनीने जागतिक विजेतेपद १५ वेळा मिळविले. १९५४ साली ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे त्याने एकही चूक न करता ओळीने ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. हा उच्चांक ६५ वर्षे टिकला. २०१९ साली जॉन श्मिट या अमेरिकी खेळाडूने ६२६ चेंडू घालून तो मागे टाकला.

मॉस्कोनी खेळत असे त्या ‘स्ट्रेट पूल’ प्रकारात कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगावे लागते. पंधरांपैकी चौदा चेंडू संपले, की ते पुन्हा मांडले जातात आणि खेळ पुढे चालू राहतो. साहजिकच शेकडो चेंडूंची मालिका साधायची, तर प्रत्येक फटक्यात पुढच्या फटक्याची सोय करून ठेवावी लागते. त्यामुळे मॉस्कोनीचा खेळ नवख्या माणसाला सोपा वाटे. ते सोपेपण त्याने स्वतः, आदल्या फटक्यात, निर्माण केलेले असे.

वॉन्डरोन याच्या उलट. जुगारी अड्ड्यांवर वाढलेला, देहाने स्थूल आणि वाणीने त्याहून अघळपघळ. १९६१ साली ‘द हस्लर’ हा चित्रपट गाजला. त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचे एक पात्र होते. ते आपल्यावरूनच बेतले आहे, असे वॉन्डरोनने जाहीर केले आणि ते नावही धारण केले. मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेव्हिस याने हा दावा स्पष्ट शब्दांत नाकारला. तरीही लोकांनी लेखकापेक्षा बोलघेवड्यावर विश्वास ठेवला. एकही मोठे जागतिक विजेतेपद नावावर नसताना वॉन्डरोन अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध पूल खेळाडू झाला. १९७८ साली न्यूयॉर्क येथे दूरचित्रवाणीसाठी या दोघांचा सामना झाला. वॉन्डरोन अखंड बोलत राहिला. मॉस्कोनीने सामना जिंकला.

बढाईची दुसरी बाजू

एवढ्यावरून बढाई सर्वथा निरुपयोगी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्या सामन्याला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला, यात वॉन्डरोनच्या जिभेचा वाटा मोठा होता. उतरती कळा लागलेल्या खेळाकडे त्याने पुष्कळांचे लक्ष वेधले, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. शिवाय मौन हा नेहमीच सद्गुण असतो असेही नाही. पैजेवर खेळून सावज गाठणारा सराईत जुगारी आपला उत्तम फटका मुद्दाम लपवून ठेवतो. त्याचे मौन हे विनयाचे नसून फसवणुकीचे असते. त्या मानाने उघड बढाई मारणारा माणूस प्रामाणिकच म्हणायचा. दोष बढाईखोराचा कमी आणि बढाईलाच गुणपत्रिका मानणाऱ्यांचा अधिक.

महाराष्ट्राला हा धडा परका वाटू नये. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद ज्यांनी मिळवून दिले, ते विल्सन जोन्स पुण्याचे. १९५८ साली कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते हौशी खेळाडूंच्या जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत विजयी झाले. बिलियर्ड्समधील शेकड्यांच्या खेळी चेंडू एकमेकांजवळ राखून, हलक्या हाताने, गुणामागून गुण वेचीतच उभ्या राहतात. इतक्या मोठ्या यशानंतरही जोन्स यांचे नाव घराघरांत पोहोचले नाही. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या कॅरममध्येही वेगळे काय घडते? स्ट्रायकर चारी बाजूंना आपटून सोंगटी घेणाऱ्याला ‘वाहवा’ मिळते. पुढची सोंगटी आपसूक हाती येईल अशी पहिली सोंगटी घेणाऱ्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही.

आणि हे खेळापुरतेच कोठे थांबते? परीक्षा तोंडावर आली असता रात्री जागवून अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या शिक्षकाचे कौतुक होते. ज्याचा अभ्यासक्रम वेळेवर आणि मुलांना समजून पुरा झाला, त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. अडलेली फाईल धावपळ करून सोडविणारा कारकून साहेबांच्या नजरेत भरतो. ज्याच्या टेबलावर फाईल कधी अडलीच नाही, त्याचे नाव साहेबांना आठवतही नाही. संकट निवारणे डोळ्यांना दिसते, संकट न येऊ देणे दिसत नाही. अदृश्य कामाची नोंद घेण्याची सवय समाजाने मुद्दाम लावून घेतली नाही, तर हुशार माणसेही हळूहळू शिकतात, की चेंडू जागच्या जागी थांबविण्यापेक्षा तो दूर जाऊ द्यावा आणि मग टाळ्यांच्या गजरात परत आणावा.

जोरकस फटका शिकावा, अवश्य शिकावा. अडचणीच्या प्रसंगी तोच डाव वाचवितो आणि तो मारता येणाऱ्याला त्याचा अभिमान वाटला तर त्यात वावगे काही नाही. मात्र टाळी वाजविण्यापूर्वी पाहणाऱ्याने आदला फटकाही आठवून पाहावा. खेळाडूची खरी परीक्षा बहुधा तेथेच झालेली असते.