प्राण दिसत नाही, श्वास मोजता येतो

‘चीगाँग’ या चिनी शब्दातला ‘ची’ म्हणजे श्वास, वाफ, चैतन्य. ‘गाँग’ म्हणजे मेहनतीने कमावलेले कसब. संथ हालचाल, लांब श्वास आणि त्यांवर ठेवलेले लक्ष, एवढीच या साधनेची सामग्री. चीनमधील मावांगदुई येथे इ.स.पू. 168 मधील थडग्यात सापडलेल्या रेशमी पटावर अशा व्यायामांच्या 44 आकृत्या आहेत. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरच्या वाचकाला हे फार परके वाटू नये. ‘प्राण’ हा शब्द आपल्या बोलण्यात मुरलेला आहे, आणि अमरावतीत तर 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. शंका उरते ती एकच : न दिसणारी ऊर्जा खरी कशी मानायची? माझ्या मते ती आधी मानण्याची गरजच नाही. साधनेची पारख तिच्या परिणामावरून करावी.

हा मार्ग महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच आखला गेला. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नसून मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे त्यांनी मांडले. आजचे शरीरशास्त्रही तिकडेच बोट दाखवते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर हा परिणाम ठळक होतो आणि मन निवते. चीगाँगच्या जवळच्या ताई ची प्रकारावरील चाचण्यांत वृद्धांचे पडणे कमी झाल्याचे आढळले आहे.

कोणी म्हणेल, दिवसभर निंदण करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? पण वेचणीत कंबर तासन् तास वाकलेलीच राहते, श्वासाकडे लक्ष नसते. चीगाँगमध्ये पाठ सरळ होते, खांदे मोकळे होतात. हे जादा कष्ट नव्हेत, कष्टाचा शीण उतरवणे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ऊर्जेच्या नावाखाली रोग बरे करण्याची दुकाने उघडतात. म्हणूनच परिणामाचा निकष सोडू नये. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायला सांगणाऱ्या गुरूपासून दूर राहावे. औषध चालू ठेवून पहाटे दहा मिनिटे अंगणात सावकाश श्वास घ्यावा. महिनाभराने झोप, दम आणि कंबर यांत काय फरक पडला, ते ज्याचे त्याने तपासावे.