वाऱ्यात उभी मोटार

दुसरबीड (जि. बुलडाणा) या गावातून मेहकरहून जालन्याकडे जाणारा जुना रस्ता जातो. गावाच्या परिसरातून आता ७०१ किमी लांबीचा समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. गावात मोटार ताशी ४० किमी वेगाने जात असेल, तर महामार्गाच्या सपाट भागात तिला ताशी १२० किमीपर्यंत मुभा आहे. वेग तिप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध किती पट होतो? वर्गात विचारून पाहा. बरीच मुले ‘तिप्पट’ म्हणतील. खरे उत्तर नऊपट असे आहे.

याचे कारण सोपे आहे. वेग तिप्पट झाला की मोटार दर सेकंदाला तिप्पट हवा बाजूला सारते आणि त्या हवेला तिप्पट वेगही देते. म्हणून विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याशिवाय तो हवेची घनता, मोटारीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि ‘विरोध गुणांक’ यांवर अवलंबून असतो. या चारही राशींच्या गुणाकाराची निम्मी म्हणजे विरोधाचे बल. मोटारीचा आकार किती सुबक आहे हे विरोध गुणांक सांगतो.

थोडे गणित

क्षेत्रफळ २.२ चौ. मी., गुणांक ०.३५, हवेची घनता १.१ किग्रॅ प्रति घनमीटर आणि वस्तुमान ११०० किग्रॅ असलेली मोटार घेऊ. ताशी ४० किमी वेगाला हवेचा विरोध सुमारे ५२ न्यूटन, तर १२० ला सुमारे ४७० न्यूटन येतो. टायरांचा विरोध मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढाच, सुमारे १३० न्यूटन असतो. म्हणजे गावात एकूण विरोधात हवेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि महामार्गावर तीनचतुर्थांशाहून अधिक!

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ८ मेगाज्यूल, चाकांपर्यंत पोचतो असे धरू. मग ताशी १२० किमीने १०० किमी जायला साधारण साडेसात लिटर आणि ताशी १०० किमीने सुमारे पावणेसहा लिटर पेट्रोल लागते. दहा मिनिटे वाचवण्याची किंमत पावणेदोन लिटर! गुणांक दहा टक्क्यांनी कमी केला, तर १२० ला सुमारे आठ टक्के इंधन वाचेल, पण ४० ला जेमतेम तीन टक्के.

वातविवर कशासाठी?

गुणांक नुसत्या कागदावर अचूक काढता येत नाही. हवेचे भोवरे फार गुंतागुंतीचे असतात. आज संगणकाची मोठी मदत होते, तरी अखेर मोजमाप करावेच लागते. मोटार स्थिर हवेतून धावो की स्थिर मोटारीवरून हवा वाहो, बल तेच. या तत्त्वावर वातविवर चालते. मोठा पंखा हवा खेचतो, जाळीदार नळ्यांमधून जाताना तिचा पीळ निघतो, आणि एकसारखा झोत मोटारीवर येतो. मोटार ज्या तराजूवर उभी असते तो तराजू बल मोजतो. धुराच्या रेषा आणि चिकटवलेले लोकरीचे धागे हवेची वाट दाखवतात. रस्ता मोटारीखालून मागे सरकत असतो, म्हणून आधुनिक वातविवरांत जमिनीच्या जागी फिरता पट्टा असतो आणि चाकेही फिरवतात.

राइट बंधूंनी १९०१ मध्ये असे लहानसे वातविवर पंखांच्या अभ्यासासाठी बनवले होते. मोटारींच्या बाबतीत १९७३ च्या तेलटंचाईनंतर या कामाला जोर आला. १९८२ च्या आउडी १०० या मोटारीचा गुणांक ०.३० होता. २०२१ च्या मर्सिडीज ईक्यूएसचा ०.२० आहे.

लहान प्रतिकृती वापरून काम भागणार नाही का? भागते, पण अडचण आहे. प्रवाह तसाच राहावा यासाठी प्रतिकृती जितकी लहान, तितका वेग जास्त हवा. एकचतुर्थांश प्रतिकृतीला ताशी १२० ऐवजी ४८० किमीचा वारा लागेल, आणि पंख्याला लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

मागची बाजू महत्त्वाची

वातविवराने दिलेला मोठा धडा असा, की नुसते नाक टोकदार करून भागत नाही. हवा मागच्या बाजूला पृष्ठभागापासून सुटते, तेथे भोवरे होतात, दाब कमी होतो आणि मोटार जणू मागे ओढली जाते. म्हणून छत मागे हळूहळू उतरते करतात आणि तळ सपाट ठेवतात.

हे वर्गात दाखवता येते. पेटत्या मेणबत्तीपुढे पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरा आणि त्यावर समोरून फुंकर मारा. ज्योत विझण्याऐवजी पुठ्ठ्याकडेच झुकते. आता पुठ्ठ्याच्या जागी गोल बाटली ठेवून तशीच फुंकर मारा. ज्योत विझते, कारण हवा बाटलीला वळसा घालून मागे पुन्हा एकत्र येते.

पुढची पायरी म्हणून टेबलपंख्यासमोर शीतपेयाच्या नळ्यांचा जुडगा लावा. त्यापुढे खेळण्यातली मोटार रबरबँडने बांधा आणि रबर किती ताणले ते मोजपट्टीने मोजा. मग छतावर काडेपेटी ठेवून पुन्हा मोजा. टपावर सामान बांधून महामार्गावर निघणाऱ्या गाडीला किती जादा इंधन लागत असेल, याचा विचार मग मुले आपणहून करू लागतील.