संस्थेची वही, सल्लागाराचा हिशेब

स्वयंसेवी संस्थेच्या नोंदवह्या तपासणे, त्यांतले आकडे जुळवणे, त्यांतून कामाला येईल असे उत्तर काढून देणे आणि या सगळ्याचे पैसे न घेणे, या सेवेला सल्लागार कंपन्यांत प्रो बोनो डेटा विश्लेषण म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘लोकहितासाठी’. वकिलांमध्ये ही प्रथा जुनी आहे, आकड्यांच्या क्षेत्रात ती अलीकडे रुळली. न्यूयॉर्कमध्ये 2011 मध्ये सुरू झालेल्या डेटाकाइंड या संस्थेने डेटातज्ज्ञ आणि सेवाभावी संस्था यांची गाठ घालून देण्याचेच काम हाती घेतले. पुढे बंगळूरमध्येही तिची शाखा निघाली.

वर्ध्याला मात्र ही कल्पना नवी नाही. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांची स्वतःची फर्म होती आणि अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक वित्त या विषयाचा अभ्यास केला. 1929 मध्ये गांधीजींची भेट झाली आणि व्यवसाय मागे पडला. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यातील 54 गावांची आर्थिक पाहणी केली. शेतकऱ्याच्या हातात खर्च वजा जाता किती उरते, हे त्यांनी घरोघरच्या आकड्यांवरून दाखवले. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. स्वयंसेवकाच्या रोजच्या खर्चाला त्यांनी तीन आण्यांची मर्यादा घातली आणि खुद्द गांधीजी व त्यांच्याबरोबरच्या मंडळींचा खर्चही त्या निधीतून द्यायला नकार दिला. बिनपैशाच्या कामालाही पैशाच्या कामाइतकीच शिस्त लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. त्याच वर्षी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी ही कुमारप्पांची कर्मभूमी बनली.

वर्ध्यातच 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. डॉ. र. वि. वार्डेकरांच्या काळात तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत आकाराला आली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन तपासणी करायची आणि प्रत्येक घराची नोंद ठेवायची. किती जण तपासले हे ठाऊक असेल तरच सापडलेल्या रुग्णांच्या संख्येला अर्थ येतो. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचे तर अंशाबरोबर छेदही हवा. आजच्या विश्लेषकाचा संस्थेला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: तुमचा छेद कोणता?

बऱ्याच संस्थांकडे याचे उत्तर तयार नसते. देणगी येते ती वर्ग, शिबिरे, औषधे यांसाठी. आकडे पाहणाऱ्या माणसाच्या पगारासाठी ती क्वचितच मिळते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती त्या 2 टक्क्यांत दाखवता येत नाही. म्हणून अशी सेवा कंपनीच्या आणि तिथल्या माणसांच्या इच्छेवरच उभी असते.

काम सुरू होते ते साफसफाईने, आणि बराचसा वेळ तिथेच जातो. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेचेच पाहा. जनगणनेत हे शहर आहे, कारभारात ग्रामपंचायत. त्यामुळे एका सरकारी तक्त्यात ते नागरी भागात सापडते, दुसऱ्यात ग्रामीण. कोणी ‘पिपरी’ लिहितो, कोणी ‘पिंपरी’, कोणी ‘मेघे’ कंसात टाकतो, आणि संगणकाला ती तीन वेगळी गावे वाटतात. नुसते ‘मेघे’ लिहिले तर सावंगी, बोरगाव, सिंदी हीही आजूबाजूला आहेतच. नुसते ‘सिंदी’ लिहिले तर सिंदी मेघे की सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे, हे वहीवरून कळत नाही. ते कळते फक्त ती वही लिहिणाऱ्या ताईला. पुण्या-मुंबईत बसलेल्या विश्लेषकाने तिला फोन केला नाही, तर पुढचे सगळे गणित चुकीच्या गावावर उभे राहते.

विश्लेषणाचा खरा भाग त्यानंतरचा. समजा, एका शिवणवर्गात वर्षभरात 120 मुली दाखल झाल्या आणि 48 जणींनी तो पूर्ण केला. अहवालात ‘40 टक्के’ असे छापून आले की देणगीदार नाराज होतो आणि शिक्षिका खट्टू होते. विश्लेषक हेच आकडे महिन्यांनुसार मांडतो आणि दिसते, की दिवाळीनंतर हजेरीपटावर एकदम गळती लागली आहे. त्याला वाटते, शिकवण्यात काही कमी असेल. ताई सांगते, ‘कापूस वेचणी सुरू झाली ना, पोरी आईसंगं वावरात जातात.’ या एका वाक्याने तक्त्याचा अर्थ बदलतो. वर्ग वाईट नाही, त्याची वेळ वाईट आहे. वेचणीच्या हंगामाला धरून वर्ग आखला की गळती घटते का, हे पुढच्या वर्षी त्याच वहीवरून तपासता येते.

अशा मदतीत धोकेही आहेत. नावे आणि आजार असलेली यादी ईमेलने इकडून तिकडे फिरू लागली, तर कुष्ठरोग्याच्या घराला त्याची किंमत मोजावी लागते. वर्ध्यात हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला, पण नावांऐवजी क्रमांक वापरण्याची खबरदारी त्याआधीही आवश्यकच होती. दुसरा धोका रंगीत डॅशबोर्डचा. तीन महिन्यांनी सल्लागारांची तुकडी निघून जाते आणि तो चालवायला संस्थेत कोणीच उरत नाही. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगमध्ये थॉटवर्क्स या सल्लागार कंपनीने रुग्णालयाची नोंदप्रणाली उभी केली, ती ‘बाह्मनी’ नावाने मुक्तस्रोत ठेवली गेली. त्यामुळे ती एकाच कंपनीवर अवलंबून राहिली नाही आणि इतर रुग्णालयांनाही वापरता आली.

लहान संस्थेला एवढ्या मोठ्या प्रणालीची गरज नसते. तिच्या कामाचा अहवाल मराठीत, एका पानात मावावा आणि तो देणगीदाराच्या आधी वही लिहिणाऱ्या ताईच्या हाती जावा. त्यासोबत वहीत दोन नवे रकाने यावेत: गावाचा ठरलेला क्रमांक आणि वर्ग सोडल्याचे कारण. पुढच्या दिवाळीनंतर ते ताईच भरील.