३.६ फॅटचं दूध ३.५ च्या दरात का जातं?

आजचा विषय कोडिंगचा आहे, पण उदाहरण मी आपल्या शिरूर-दौंडकडच्या दूध डेअरीचं घेतो.

समजा, फॅट मोजणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि बिल काढणारा पायथॉनमध्ये. सीचा 'फ्लोट' बहुतेक ठिकाणी चार बाइटचा. त्यात साधारण सात अंक नीट टिकतात. पायथॉनचा 'फ्लोट' आठ बाइटचा, म्हणजे सीचा 'डबल'. नाव एकच, माप वेगळं!

कॉम्प्युटर आकडे बायनरीत ठेवतो. त्यात ३.५ तंतोतंत बसतं, ३.६ बसत नाही. एकाला तीनने भागलं की ०.३३३ संपतच नाही ना, तसंच. म्हणून चार बाइटमधलं ३.६ पायथॉनकडे गेलं की दिसतं ३.५९९९९९९०४६३२५६८४.

फरक नगण्य. पण कोडमध्ये 'फॅट ३.६ किंवा जास्त' अशी अट असेल, तर दूध खालच्या दरात जातं. शेतकऱ्याचा एक पॉइंट गेला, तोही प्रत्येक लिटरमागे.

उपाय सोपा आहे. ३.६ ऐवजी ३६ हा पूर्णांक पाठवा आणि दरपत्रकही पूर्णांकातच ठेवा. मशीन बदलता येत नसेल, तर आलेला आकडा तुलनेआधी एका दशांश स्थळापर्यंत राउंड करा.

आणि हो, टेस्टिंगला गायीच्या दुधाचं नेहमीचं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ घेऊन थांबू नका. हे दोन्ही आकडे नेमके बसतात, त्यामुळे चूक दिसतच नाही. ३.६ टाकून बघा!