बांगडी घट्ट होऊ लागली तर

तापी समुद्रास मिळते तेथे, सुरतेजवळ, हजीरा हे उद्योगक्षेत्र गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून वाढत गेले. खत, पोलाद व वायूच्या कारखान्यांमागोमाग जी माणसे तेथे आली त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा घरातील एखाद्या भगिनीस स्तनाचा कर्करोग झाला की पुष्कळदा मुंबईची वाट धरली जाते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या कामी उभे आहे. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार संपतात, पुढची तपासणी काही महिन्यांनी असते. मधल्या काळात त्या बाजूच्या हाताकडे लक्ष ठेवणारे कोणी असेल तर ते घरचेच.

हाताचे असे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. पेशींभोवतीचा जादा द्रव लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात पोहोचवितात. हाताच्या वाहिन्यांची वाट काखेतील ग्रंथींमधून जाते. कर्करोगही त्याच ग्रंथींत शिरू पाहतो, म्हणून त्या काढाव्या लागतात. मग निचरा मंदावतो व हात सुजतो. डॉक्टर या सुजेस लिंफेडेमा म्हणतात. अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्येच तिच्यावर निबंध लिहिला होता. आज निवडक ग्रंथी आधी तपासतात आणि त्या निर्दोष निघाल्यास बाकीच्या राखतात. अशा स्त्रियांत सूज शेकडा सहाच्या आसपास आढळते. काखेतील ग्रंथी सरसकट काढल्या तर मात्र सुमारे पाचांपैकी एकीला ती येते, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, कधी त्यानंतर पुष्कळ काळानेही.

पहिली चाहूल अगदी घरगुती असते. हात जड वाटतो. रोजची बांगडी मनगटावर अडते, अंगठी निघत नाही, पोलक्याची बाही एकाच दंडाला काचते. बाई मनाशी म्हणते, कापड धुऊन आटले असेल! आमच्या मते सर्वांत अधिक वेळ येथेच फुकट जातो. त्यातून दक्षिण गुजरातेत हत्तीरोग जुन्या ओळखीचा. हात सुजला की शेजारीपाजारी डासांना दोष देऊन मोकळे होतात. आरंभीची सूज हात उंच ठेवल्यास ओसरते. दुर्लक्ष झाले तर आतील भाग हळूहळू टणक होतो व मग ती पूर्णपणे उतरत नाही.

यावर उपाय म्हणजे शिवणकामाची साधी टेप. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांची मापे घ्यावीत, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच किंचित जाड असू शकतो आणि पुढे तुलना कशाशी करावी हा प्रश्न पडतो. मनगट, कोपर व दंड येथील जागा कोपरापासूनचे अंतर मोजून ठरवाव्यात. माप दर वेळी तेथेच, दिवसाच्या त्याच वेळी घ्यावे, टेप आवळू नये. दोन सेंटिमीटरचा फरक ही सुजेची रूढ खूण आहे; पण फरक वाढत चाललेला दिसला तर तितक्याचीही वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखविणे आवश्यकच, कारण नवी सूज कधी रोग परतल्याची किंवा शिरेत रक्ताची गाठ झाल्याची असू शकते. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी जावे. उपचारात मापाची दाबबाही व शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून मालीश, व्यायाम यांचा भाग मोठा असतो. दुकानातून अंदाजाने घट्ट पट्टा आणून बांधू नये.

‘त्या हाताने बादलीही उचलू नकोस’ हा आज्यांचा व कित्येक डॉक्टरांचाही जुना सल्ला. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र देखरेखीखाली हळूहळू वजने उचलणाऱ्या स्त्रियांची सूज वाढलेली आढळली नाही. तेव्हा हात लुळा ठेवण्याचे कारण नाही. विळीने कापले, कुकरची वाफ लागली, तर मात्र जखम तत्काळ धुऊन औषध लावावे. जंतू शिरले की सूज बळावते.

मापांची वही तपासणीच्या कागदांबरोबर पिशवीत ठेवावी आणि मुंबईस जाताना न विसरता डॉक्टरांपुढे उघडावी.