फ्रिजचा आवाज: कधी दुर्लक्ष करायचं आणि कधी माल हलवायचा?



घरून इडली-डोशाचं पीठ, पनीर, मोदक किंवा गोळा केलेलं पुरण विकायचं ठरवलं, की आपण आधी मिक्सरचा विचार करतो, पॅकिंगचा करतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा करतो. पण तुमच्या धंद्यातलं पहिलं मशीन घरात आधीच उभं असतं. तो म्हणजे तुमचा फ्रिज. घरच्या वापरात तो बिघडला तर दोन दिवसांची भाजी जाते. धंद्यात बिघडला तर माल जातो, ऑर्डर जाते आणि गिऱ्हाईकही जातं.

समजा, शनिवारी रात्री तुम्ही अर्ध्या किलोची २० पाकिटं पीठ आत ठेवलं. सकाळी डिलिव्हरी आहे. रात्री ११ वाजता फ्रिजमधून "खट्ट" असा आवाज आला. आता काय करायचं? आवाज ओळखता आला तर हा निर्णय सोपा होतो.

हे आवाज आले तर काळजी नको

- घूं... असा एकसारखा आवाज: कॉम्प्रेसर चालू आहे. साध्या कॉम्प्रेसरमध्ये हा आवाज येतो-जातो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करत बराच वेळ चालू राहतो, म्हणून तिथे बारीक आवाज जवळजवळ सतत येतो.
- बुडबुड, खळखळ: पाईपमधून गॅस फिरतो, त्याचा आवाज. गॅस गळतोय असा याचा अर्थ नाही.
- कटकन, तडतड: थंड-गरम होताना आतलं प्लॅस्टिक आकसतं, प्रसरण पावतं.
- चर्र किंवा थेंब पडल्यासारखा आवाज: फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर चालू होतो, त्याच्यावर पाण्याचे थेंब पडतात.
- एकच "खट्ट" आणि मग घूं...: कॉम्प्रेसर सुरू झाला. तुमचं पीठ सुरक्षित आहे, निवांत झोपा.

फ्रिजच्या बाजू कोमट लागणंही बऱ्याच मॉडेलमध्ये नॉर्मल आहे. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते.

हे आवाज आले तर उठा

- खट्ट... थोड्या वेळाने परत खट्ट... पण घूं नाही: कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, पण होत नाही. व्होल्टेज कमी असेल किंवा रिले, ओव्हरलोड यांपैकी काही गेलं असेल. फ्रिज बंद करा, ५-१० मिनिटं थांबा, व्होल्टेज ठीक असेल तर एकदा चालू करून बघा. तरी तेच झालं तर मेकॅनिकला बोलवा आणि माल लगेच दुसरीकडे हलवा.
- खरखर, पातं घासल्यासारखा आवाज: आतल्या पंख्याला बर्फ लागत असेल. माल बाहेर काढून फ्रिज पूर्ण बंद ठेवा, बर्फ वितळू द्या. सुरीने खरवडू नका, पाईपला भोक पडलं तर खर्च मोठा होतो.
- खडखड: बहुतेक वेळा बिघाड नसतोच. फ्रिज भिंतीला टेकलाय, पाय लेव्हलला नाहीत, नाहीतर वर ठेवलेला डबा वाजतोय. मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बघा. व्हिजिट चार्ज वाचेल.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अजिबात आवाज नाही, दिवा मात्र चालू. दिवा लागतो म्हणजे फ्रिज थंड करतोय असं नाही. म्हणून आवाजावरही पूर्ण विसंबू नका. आत एक छोटा थर्मामीटर ठेवा. खालचा कप्पा ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा. तापमान वाढलं की पीठ आंबत राहतं, पाकिटं फुगतात. ती फुगलेली पाकिटं गिऱ्हाईक आधी बघतं, आपण नंतर.

आता बिलाकडे वळू

स्टार लेबलवर फ्रिज वर्षाला किती युनिट खातो ते छापलेलं असतं. समजा २४० युनिट आहे. म्हणजे महिन्याला २० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर १६० रुपये. पण तुम्ही धंद्यासाठी दिवसात शंभरदा दार उघडलं तर हा आकडा वर जाणार. म्हणून:

1. गरम माल थेट आत ठेवू नका. वाफ जाऊ द्या, पण तासन् तास ओट्यावरही ठेवू नका. पसरट भांड्यात लवकर निवतं.
2. पाकिटं एकमेकांना चिकटवून रचू नका. मधून हवा फिरली नाही तर बाहेरची थंड आणि मधली कोमट राहतात.
3. ऑर्डरप्रमाणे पाकिटं एका ट्रेमध्ये लावा. दार एकदा उघडा, ट्रे काढा, दार बंद.
4. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर ढिलं झालंय. आधी पुसून बघा, नाहीतर बदला.
5. मागे जाळी असेल तर प्लग काढून धूळ झाडा. मागे आणि बाजूला मोकळी जागा सोडा. गॅसच्या शेगडीशेजारी फ्रिज नको.
6. साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा झाला की डिफ्रॉस्ट करा.
7. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. लाईट कधी गेली ती वेळ मात्र लिहून ठेवा.

शेवटी एक रोकडा हिशोब. २० पाकिटं, प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे १००० रुपयांचा माल तुम्ही एका रात्रीसाठी फ्रिजवर सोपवता. मग त्याच्यासाठी रोज दोन मिनिटं द्या. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा आणि आवाज ऐका. आठवडाभरात तुमच्या फ्रिजचा रोजचा आवाज कानात बसेल, आणि तो बदलला की माल खराब व्हायच्या आधी तुम्हाला कळेल.

आज रात्री घर शांत झालं की फ्रिजजवळ जरा उभे राहा. काय ऐकू येतं ते कमेंटमध्ये नक्की लिहा!